वार पडेपर्यंत बाळंतपण संपत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मला सातवा महिना चालू आहे, दुसरी खेप. पहिल्या वेळी एका मोठ्या रुग्णालयात नॉर्मल बाळंतपण झालं. पण न विचारता खाली कापलं, एकीने पोटावर जोर देऊन दाबलं, ओरडले तर नको ते ऐकवलं. नवऱ्याला दाराबाहेर ठेवलं. सिझर करतील अशीही धास्ती वाटते. या वेळी घरीच बाळंत व्हायचं ठरवतोय. डॉक्टर-नर्स कुणी नको, आम्ही दोघंच. व्हिडिओ खूप पाहिलेत. माझ्या आजीची सात बाळंतपणं घरीच झाली. तुमचं खरं मत सांगा."

खरं मत आधी सांगते: घरी, दोघंच, असं करू नका. कारणं सांगायला मात्र वेळ लागेल.

मी एकतीस वर्षं बाळंतपणं करते आहे. पहिली आठ घाटाखालच्या एका ग्रामीण रुग्णालयात, नंतर तालुक्याच्या गावी स्वतःच्या छोट्या दवाखान्यात. तुमच्या पहिल्या वेळेबद्दल तुम्ही लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. 'बाळ सुखरूप आलं ना, मग झालं' असं तुम्हाला घरच्यांनी सांगितलं असेलच. मी तसं म्हणणार नाही. जे झालं ते चूक होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीच्या देखभालीचे नियम नव्याने काढले, त्यात हे सगळं आहे: बाईला हवी ती व्यक्ती सोबत असावी, सरसकट छेद देऊ नये, पोट वरून दाबू नये, एनिमा आणि वस्तरा नको, गर्भपिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे या हिशोबाने घाई करू नये. हे नियम येऊन इतकी वर्षं झाली तरी कितीतरी लेबर रूममध्ये अजून १९९० सालच चालू आहे.

मीही त्याच शाळेत शिकले. आमच्या काळी प्रत्येक पहिलटकरणीला छेद द्यायचा, यावर चर्चाच नसायची. मी शेकड्यांनी दिले. एकीलाही विचारलं नाही. पुढे एकदा एक अनुभवी सिस्टर सहज म्हणाली, "मॅडम, जरा थांबलात तर आपोआप येतंय की हो." त्या दिवशी थांबले. आलं. त्या एका वाक्याने मला जे शिकवलं ते परीक्षेच्या पुस्तकांनी शिकवलं नव्हतं.

सिझरबद्दलची तुमची धास्तीही हवेतली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत सिझरचं प्रमाण १४.३ टक्के निघालं आणि खासगीत ४७.४ टक्के. सरकारीत गरीब बायका जातात, अडलेल्या पुढे पाठवतात, गृहीत धरा ही सगळी कारणं. तरी बायकांची शरीरं दवाखान्याची पाटी बघून इतकी बदलत नाहीत. बायकांनी रुग्णालयाला घाबरण्याचा इतिहासही जुना आहे. १८४०च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते, एक डॉक्टरांच्या हाताखाली, एक सुईणींच्या. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका जायच्या, आणि 'तिथे नको' म्हणून बायका गुडघे टेकून विनवायच्या. त्यांचं बरोबर होतं. शवविच्छेदन करून तसेच आलेले हात हे कारण असल्याचं तिथलेच डॉक्टर सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये दाखवून दिलं. तेव्हा रुग्णालयाविषयी तुम्हाला राग असेल तर तो बाळगा. मी त्याच्या आड येत नाही.

आता आजी. माझ्या आजीच्या नऊ खेपा झाल्या. ती मात्र विचारलं की "सहा" म्हणायची. नऊ हा आकडा मला आईकडून कळला, तोही आजी गेल्यावर. तिची धाकटी जाऊ वार (पोटात बाळाला पोसणारी, बाळामागून बाहेर पडणारी) अडकून गेली होती, आणि त्या बाळाला आजीने स्वतःच्या मुलासोबत अंगावर पाजलं होतं. घरात या गोष्टी कुणी बोलत नसे. तुमच्या आजीला सात झाली ते तुम्हाला माहीत आहे. किती हातची गेली, आणि तिच्या आळीतल्या किती जणी बाजेवरून उठल्याच नाहीत, तेही शांतपणे विचारा.

आणि आणखी एक. तुमची आजी 'दोघंच' नव्हती. आजोबा तर बहुधा ओसरीवर असतील. आत सुईण होती, सासू होती, दोन पोक्त शेजारणी होत्या. नवरा-बायको दार लावून मोबाईलवर बघून बाळंतपण करतात, ही आपली परंपरा नाही. ही गेल्या दहा-पंधरा वर्षांतली, इंटरनेटवरून आलेली टूम आहे.

त्या सुईणींबद्दल मला आदर आहे. घाटाखाली असताना एका म्हाताऱ्या सुईणीकडून मी उकिडवं बसवून, दोरीला धरून कळा द्यायला शिकले. धीर तर तिच्याकडे माझ्या दसपट होता. पण काही गोष्टींपुढे तिचे हात थिटे पडायचे, आणि ते ती स्वतःच सांगायची. वार पडली नाही तर वेणीचा शेंडा बाईच्याच घशात घालून ओकारी काढायची, त्या जोराने वार येते म्हणून. कधी यायचीही. नाळ विळ्याने कापायची, वर राख. मग काही बाळांना धनुर्वात व्हायचा, पाच-सहा दिवसांचं बाळ दूध ओढेनासं व्हायचं, ताठ व्हायचं. पाचवीला सटवाई पुजतात ती नेमकी याच दिवसांत, हा योगायोग असेल असं मला वाटत नाही. गरोदरपणातली लस आणि स्वच्छ ब्लेड यांनी ते इतकं थांबलं की २०१५ मध्ये भारतातून माता-नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. आजच्या तरुण डॉक्टरांनी तो पाहिलेलाही नसतो.

मुद्द्यावर येते. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ कुठे संपतात ते आठवा. मंद दिवा, पाण्याचा टब, बाळ छातीवर, सगळे रडतायत, संगीत. संपलं. माझी खरी काळजी त्या क्षणाला सुरू होते. वार अजून आत असते.

नवव्या महिन्यात गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जात असतं. वार सुटली की तिच्यामागच्या त्या सगळ्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती बंद करणारा एकच इलाज शरीराकडे आहे: पिशवी आवळणं. पिशवीचे स्नायू उभे-आडवे विणलेले असतात, ते आवळले की मधल्या वाहिन्या चिमटीत धरल्यासारख्या मिटतात. बेंबीखाली हात ठेवला तर चांगली आवळलेली पिशवी सोललेल्या नारळासारखी टणक लागते. ढिली पडली तर हाताला काही लागतच नाही, मऊ कणकेत बोटं जावीत तसं होतं. त्या मऊपणाची मला एकतीस वर्षांनंतरही भीती वाटते.

इथे घड्याळ फार महत्त्वाचं. बाळंतपणातल्या प्रत्येक संकटाला साधारण किती वेळ मिळतो याचा एक जुना अंदाज आम्हाला शिकवतात. उपचार मिळालाच नाही तर अडलेल्या बाळंतपणात मृत्यूला सरासरी तीन दिवस लागतात, झटक्यांच्या आजारात दोन दिवस, जंतुसंसर्गात सहा दिवस. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात दोन तास. भारतात माता दगावण्याचं सगळ्यात मोठं कारण हाच आहे. शिवाय ज्यांना तो होतो त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींमध्ये आधी कुठलंच कारण दिसलेलं नसतं. म्हणूनच 'माझं सगळं नॉर्मल आहे' हे वाक्य मला पुरेसं वाटत नाही.

तुमच्यासारखीच एक सांगते, ओळख लागणार नाही इतकंच. दुसरी खेप, पहिली नॉर्मल, हिमोग्लोबिन चांगलं, बीपी ठीक. आमच्याकडे पहाटे पावणेपाचला बाळ झालं, छेद नाही, एक टाकाही नाही. लगेच मांडीत ऑक्सिटोसिनचं, म्हणजे पिशवी आवळायचं इंजेक्शन. सातव्या मिनिटाला वार, मी उलटसुलट करून बघितली, पूर्ण होती. पिशवी टणक. मी हात धुवायला वळले. पोटावर हात ठेवून बसलेली सिस्टर म्हणाली, "मॅडम, पिशवी ढिली पडतेय." तोवर टेबलाखालच्या बादलीत आवाज यायला लागला होता. थेंबांचा नव्हे, धारेचा.

पुढची वीस मिनिटं अशी गेली. एक सिस्टर वरून पिशवी चोळतेय. दुसरीने दुसऱ्या हाताला जाड सुई लावली आणि लघवीची नळी घातली, कारण भरलेलं मूत्राशय पिशवीला आवळू देत नाही. तिसरी फ्रिजमधून औषधं काढतेय: पिशवी आवळायला ऑक्सिटोसिनचं सलाईन, मेथर्जिन, मग प्रोस्टोडिन, सोबत रक्त थांबवायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. माझी एक मूठ योनीमार्गातून आत, दुसरा हात पोटावरून, मध्ये पिशवी दाबून धरलेली. हे पाच मिनिटं केलं तरी खांदे भरून येतात. वॉर्डबॉय रक्तपेढीकडे मोटारसायकलवर. फुगाही तयार ठेवला होता: नळीला कंडोम बांधून आत सलाईन भरायचं, म्हणजे पिशवी आतून दाबली जाते. ही बांगलादेशच्या डॉ. सायेबा अख्तर यांची युक्ती, कितीतरी जणी तिने वाचल्या आहेत. या वेळी लागला नाही. पिशवी धरली. अंदाजे सव्वा लिटर रक्त गेलं होतं. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, चौथ्या दिवशी ती चालत घरी गेली.

एवढं सगळं होत असताना तिचा नवरा कोपऱ्यात उभा राहून बाळाचा फोटो काढत होता. त्याला काहीच कळलं नव्हतं, आणि आम्ही कळू दिलं नाही. आता तुमच्या बेडरूममध्ये हेच चित्र उभं करा. तिथे ती पाचही माणसं म्हणजे हा फोटो काढणारा एकटा माणूस असेल. त्याच्या कडेवर बाळ असेल, आणि 'हे नेहमीचं रक्त की जास्त' हे त्याला ठरवायचं असेल. पाच मिनिटांच्या आत एक जाड पॅड किंवा कापड चिंब होणं म्हणजे धोका, ही आमची साधी खूण. ती त्याला माहीत असली तरी पुढे तो काय करणार?

घाटाखाली असताना अशा ज्या बायका उशिरा आल्या, डोलीतून, मग जीपने, त्या आल्या तेव्हा बहुतेक बोलत असायच्या. "बाई, थंडी वाजतीय" म्हणायच्या. नखं पांढरी. त्यातल्या काहींचे चेहरे मला अजून आठवतात, इथे लिहीत नाही.

तुम्ही म्हणाल, परदेशात घरी होतातच की. होतात. इंग्लंडमध्ये ६४,००० हून जास्त कमी जोखमीच्या बाळंतपणांचा मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांच्या बाळांना घरी आणि रुग्णालयात धोका (मृत्यू किंवा गंभीर इजा) साधारण सारखाच निघाला. पहिलटकरणींच्या बाळांना घरी जास्त होता: हजारी ९.३, रुग्णालयात ५.३. म्हणजे कागदावर तुम्ही बसता. पण ते घर कसलं होतं ते बघा. प्रशिक्षित, नोंदणी असलेली मिडवाइफ (शिकलेली सुईण), तिच्या बॅगेत इंजेक्शनं आणि बाळाला श्वास द्यायचा बॅग-मास्क, फोन केला की येणारी ॲम्ब्युलन्स, आणि रुग्णालयाला आधीपासून नाव माहीत. एवढं असूनही अनुभवी बायकांत शंभरातल्या १२ आणि पहिलटकरणींत शंभरातल्या ४५ मधूनच किंवा नंतर रुग्णालयात हलवाव्या लागल्या. तुमच्या योजनेत यातलं काहीच नाही. इंग्लंडच्या आकड्यांवर पुण्यातल्या फ्लॅटमधलं एकटीचं बाळंतपण तोलता येत नाही.

कुणाचीही मदत न घेता काय होतं, याचा आकडा फार कमी ठिकाणी मिळतो, कारण शिकलेल्या, खात्यापित्या घरच्या बायका सहसा असं करत नाहीत. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एका धार्मिक पंथाच्या बायका गरोदरपणात आणि बाळंतपणात डॉक्टरी मदत घेत नव्हत्या. १९७५ ते १९८२ मधल्या त्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा ३४४ जन्मांमागे तीन माता दगावलेल्या निघाल्या. राज्याच्या प्रमाणाच्या जवळपास शंभर पट. तीन हा आकडा लहान आहे, त्यावरून फार ताणू नये. पण त्या बायका कुपोषित नव्हत्या, दुर्गम पाड्यावरच्या नव्हत्या. आजूबाजूला चांगली रुग्णालयं होती. आपल्याकडेही जुलै २०१८ मध्ये तमिळनाडूत तिरुप्पूरला आणि एप्रिल २०२५ मध्ये केरळात मलप्पुरमला घरीच बाळंत झालेल्या बायका दगावल्या. मलप्पुरमच्या बाईची ती पाचवी खेप होती. आधीच्या चारही खेपांतून ती वाचली होती.

बाळाचं थोडक्यात. शंभरातली दहाएक बाळं आपणहून लगेच श्वास घेत नाहीत. बहुतेकांना कोरडं करून पाठ चोळली की पुरतं. काहींना पहिल्या मिनिटातच मास्कने हवा द्यावी लागते, आणि ते व्हिडिओ बघून येत नाही, बाहुलीवर कितीदा तरी करून येतं.

घरची बाळंतपणं सुरक्षित करण्याचं खरं काम आपल्या महाराष्ट्रातच झालंय, गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. तिथे बायका घरी बाळंत व्हायच्या कारण जायला दवाखानाच नव्हता, म्हणून कौशल्य घरापर्यंत नेलं. तुमच्या योजनेत, दवाखाना हाकेवर असताना, कौशल्याला दाराबाहेर ठेवायचंय.

मग करायचं काय? सातवा महिना आहे, वेळ आहे. रुग्णालय बदला. छेद, दाबणं, ओरडणं यांचा अनुभव जिथे आला तिथे परत जायची काहीच गरज नाही. दोन-तीन ठिकाणी स्वतः जाऊन विचारा: नवरा पूर्ण वेळ आत चालेल का? कळा येताना मला चालू द्याल का, कुशीवर किंवा उकिडवं बसून बाळंत होऊ द्याल का? दुसऱ्या खेपेच्या किती जणींना छेद देता? नाळ कापायला निदान एक मिनिट थांबता का, बाळ लगेच छातीवर देता का? आणि हे विसरू नका: रक्त कुठून येतं, किती वेळात? डॉक्टर कसं उत्तर देतात ते बघा. "ते तुम्ही आमच्यावर सोडा" असं म्हणणाऱ्याकडे मी माझ्या मुलीला नेणार नाही. जिथे सिस्टर हसून बोलतात तिथे जा. रात्री तीन वाजता तुमच्यासोबत डॉक्टर नसते, सिस्टर असते. सरकारने २०१८ मध्ये परिचारिकांना मिडवाइफ म्हणून खास शिक्षण द्यायची योजना आणली, अशा प्रशिक्षित सिस्टर आहेत का तेही विचारा. मागण्या एका कागदावर लिहून फाइलला लावा. मोठ्या आवाजात बोलावं लागत नाही.

सुरुवातीच्या कळा घरी काढायला माझी हरकत नसते. अंघोळ करा, हवा तेवढा अंधार करा, नवऱ्याकडून कंबर चोळून घ्या. फक्त दुसरी खेप भराभर पुढे सरकते, म्हणून कळा नियमित झाल्या की निघा, आणि पाणमोट फुटली किंवा रक्त दिसलं तर लगेच.

आणि तरीही बाळ वाटेत किंवा घरीच आलं, तर १०८ला फोन करा. बाळ कोरडं करून उघड्या छातीवर घ्या, दोघांवर पांघरूण. नाळ ओढायची नाही, कापायची घाई नाही. वारही ओढायची नाही, ती आपणहून येऊ द्या, आली तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत आणा. लघवी करून घ्या, बाळाला पाजायला लावा, बेंबीखाली गर्भपिशवी चोळत राहा. कुणी ओळखीचा 'कळांचं इंजेक्शन देतो' म्हणून आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. हेच ऑक्सिटोसिन बाळ झाल्यावर जीव वाचवतं, आणि बाळ आत असताना असं बेहिशोबी दिलं तर पिशवी फाडतं.

तुमचं पत्र मोठं आहे. खोलीत कुठला दिवा लावणार ते त्यात आहे, गाणी कुठली ते आहे. हिमोग्लोबिन किती, रक्तगट कोणता, सोनोग्राफीत वार कुठे दिसली, पहिल्या वेळी रक्त जास्त गेलं होतं का, हे चारही नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्याचं अँटी-डी इंजेक्शन आत्ताच घ्यावं लागेल. आधी फाइल उघडा आणि ते चार आकडे-अक्षरं मला लिहून कळवा.